केशवराव भोळे : सूर आणि शब्द

नवीं वाद्यें आलीं म्हणजे गाण्यांतला शब्द बुडणार, ही भीति जुनीच. वऱ्हाडांत अमरावतीस १८९६ सालीं जन्मलेले केशवराव भोळे यांनीं ती खोटी ठरविली. वैद्यकाचें शिक्षण सोडून ते संगीताकडे वळले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत त्यांनीं तानबाजीस आळा घातला. ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या कंठांतून पदाचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोंचला. ‘प्रभात’मध्यें त्यांनीं पियानो व व्हायोलिन साथीस घेतलीं, पण १९३६ च्या ‘संत तुकारामां’त अभंगाचा साधेपणा ढळूं दिला नाहीं. शांताराम आठवले यांनीं रचलेला नवा अभंग अनेकांस तुकोबांचाच वाटला! १९३७ च्या ‘कुंकू’मध्यें तर पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगांतलेच आवाज योजिले. वाद्य केव्हां थांबवावें, हें त्यांनीं पुरतें जाणलें होतें.