कोनबिनींतील कादंबरी

१९ जुलै २०१६ रोजीं टोकियोंत अकुतागावा पारितोषिकाचा निकाल जाहीर झाला, तेव्हां ज्या लेखिकेला तें मिळालें ती त्याच दिवशीं सकाळीं एका दुकानांतील आपली पाळी पुरी करून आलेली होती. रियूनोसुके अकुतागावा या कथाकाराच्या स्मरणार्थ १९३५ सालीं सुरू झालेलें हें पारितोषिक वर्षांतून दोनदां दिलें जातें, आणि नव्या जपानी लेखकाच्या दृष्टीनें याहून मोठा मान क्वचितच असेल. सायाका मुराता यांचें वय त्या वेळीं ३६ वर्षांचें होतें. विद्यार्थिदशेपासून त्या अशा दुकानांतून अर्धवेळ नोकरी करीत आल्या होत्या; आणि पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबरीचें नांवहि 'कोनबिनी निंगेन', म्हणजे 'कोनबिनीचें माणूस' असेंच होतें.

कोनबिनी हें काय प्रकरण आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. इंग्रजी 'कन्व्हीनियन्स' शब्दाचें जपानी जिभेनें केलेलें हें लहानसें रूप. सेव्हन-इलेव्हन या नांवाच्या साखळीनें १९७४ सालीं टोकियोच्या तोयोसु भागांत आपलें जपानांतील पहिलें दुकान उघडलें. आतां अशा निरनिराळ्या साखळ्यांचीं पन्नास हजारांहून अधिक दुकानें त्या देशांत आहेत. त्यांतील बहुतेक रात्रंदिवस उघडीं असतात. भाताचे लाडू, गरम चहा, छत्री, मोजे, सारें तेथें मिळतें. विजेचें बिल भरतां येतें, पार्सल पाठवितां येतें. नोकरांनीं गिऱ्हाइकाचें स्वागत कोणत्या शब्दांनीं करावें, कोणत्या सुरांत करावें, हेंहि ठरलेलें असतें. कादंबरीला विषय म्हणून याहून नीरस जागा कोणी सुचविली असती, तर लोकांनीं त्याला हंसण्यावारीं नेलें असतें.

मुराताबाईंचा जन्म १९७९ सालीं टोकियोजवळच्या चिबा प्रांतांत इनझाइ या गांवीं झाला. प्राथमिक शाळेंत असल्यापासूनच त्या गोष्टी लिहूं लागल्या. तामागावा विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें, आणि २००३ सालीं 'जुन्यू' या पहिल्याच कथेला 'गुन्झो' मासिकाचें नवलेखकांसाठीं असलेलें पारितोषिक मिळालें. २००९ सालीं नोमा पारितोषिक आणि २०१३ सालीं युकिओ मिशिमा यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांना मिळालें. हें दुसरें, नव्यानें वसत असलेल्या उपनगरांतील एका शाळकरी मुलीच्या कथेसाठीं होतें. मानमरातब असा वाढत होता, तरी त्यांनीं दुकान सोडलें नाहीं. पहांटे दोन वाजतां उठावें, सहापर्यंत लिहावें, आठाला दुकानांत उभें राहावें, दुपारीं सुटल्यावर पुन्हां लेखणी उचलावी, असा त्यांचा क्रम असे. या कामामुळें लेखनांत खंड न पडतां उलट त्याला शिस्त लागली, असें त्यांचें स्वतःचें म्हणणें आहे.

'कोनबिनी निंगेन'ची नायिका केइको फुरुकुरा हिचेंहि वय ३६. लहानपणींच ती वेगळी आहे हें घरच्यांच्या ध्यानांत आलेलें असतें. बागेंत एक लहानसा पक्षी मरून पडलेला पाहून इतर मुलें रडूं लागतात. ही मात्र, वडिलांना भाजलेलें कोंबडीचें मांस आवडतें, तेव्हां हा पक्षी घरीं नेऊन खाऊं या, असें आईला सांगते. तिच्या मनांत दुष्टपणा नाहीं. मेलेल्या पक्ष्याचें काय करावयाचें याचा लोकांनीं लावलेला अर्थ तिला कळत नाहीं एवढेंच. १९९८ सालीं, विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांत असतांना, ती एका नव्या कोनबिनींत कामाला लागते. तेथें कसें बोलावें, कसें हंसावें, सारें लिहिलेलें असतें. ज्याच्यासाठीं ती आजवर चांचपडत होती तें जगण्याचें पुस्तक तिला सांपडतें. अठरा वर्षें ती तेथेंच राहते. व्यवस्थापक आठवा येतो, सोबतीण बदलते, आणि केइको त्या त्या सोबतिणीची बोलण्याची ढब उचलून आपली करून टाकते.

पण मैत्रिणी, बहीण, सारीं एकच प्रश्न विचारीत राहतात: लग्न कां नाहीं, बरी नोकरी कां नाहीं? या प्रश्नाला उत्तर म्हणून ती शिराहा नांवाच्या एका निरुद्योगी, तोंडाळ पुरुषाला घरांत ठेवून घेते. तो जगाला शिव्या देतो, न्हाणीघरांतील टबांत राहतो, आणि ती त्याला वेळच्या वेळीं खाऊं घालते. घरांत पुरुष आहे एवढ्यावरच सर्वांना हर्ष होतो! तो कसा आहे, ती सुखी आहे कीं नाहीं, याची चौकशी कोणीच करीत नाहीं. कादंबरींतील हें प्रकरण विनोदी म्हणून पुष्कळदां वाखाणलें जातें, आणि हंसूं येतें हें खरेंच. पण हंसणारा वाचक बहुधा त्या मैत्रिणींच्याच पंक्तीला बसलेला असतो, हें लेखिकेनें मोठ्या शांतपणें दाखवून दिलें आहे.

केइको दुकान सोडते. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला जातांना वाटेंत ती एका अनोळखी कोनबिनींत शिरते, आणि तेथील मांडणी चुकलेली पाहून तिचे हात आपोआप कामाला लागतात. हा शेवट पराभवाचा कीं सुटकेचा, यावर वाचकांत दोन तट आहेत. मुराताबाई निवाडा देत नाहींत. केइकोबद्दल कींव वाटावी असें एकहि वाक्य त्यांनीं लिहिलेलें नाहीं, हें मात्र सांगण्यासारखें आहे. स्वतःचें आयुष्य उघडें करून दाखविणारी आत्मकथनपर कादंबरी जपानांत 'वाताकुशि शोसेत्सु' या नांवानें विसाव्या शतकाच्या आरंभापासून रुळलेली आहे. विषय लेखिकेच्या अंगावरचा असूनहि ही कादंबरी त्या जातीची नव्हे. तींत कबुलीजबाब नाहीं, निरीक्षण आहे.

जपानांत या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जिनी टॅपली ताकेमोरी यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ सालीं निघाला, आणि पुढें तें तीसहून अधिक भाषांत गेलें. त्याच २०१८ सालीं मुराताबाईंची 'चिक्यू सेइजिन' ही कादंबरी जपानांत आली. ती इतकी भयंकर आहे कीं दुकानाच्या गोड गोष्टीच्या अपेक्षेनें ती हातीं घेणारे पुष्कळ वाचक दचकले. त्यांनीं 'शोमेत्सु सेकाइ' ही २०१५ सालची कादंबरी आधीं वाचली असती, तर दचकण्याचें कारण पडलें नसतें: तींत नवराबायकोच्या शरीरसंबंधाला निषिद्ध मानणारें एक जग रंगविलेलें आहे.

पारितोषिकानंतरहि कांहीं काळ त्यांनीं दुकानांतील काम चालूं ठेवलें. पुढें चेहरा ओळखीचा झाला, आणि गल्ल्यामागें नुसती एक नोकर म्हणून उभें राहणें त्यांना शक्य राहिलें नाहीं. तेव्हां तें त्यांनीं सोडलें.