दिवस घातल्यानंतर

(चिंचोटी येथील पाडा बैठकीत झालेले भाषण. बोलल्याप्रमाणे छापले आहे.)



आज वनहक्काच्या दाव्यांवर बोलायचं ठरलं होतं. ते बोलूच. पण आवणीच्या आधी आपल्या पाड्यात एक मयत झालं, म्हणून सुरुवात तिथून करते. दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आपल्यात मयत झालं की अख्खा पाडा जमतो. लाकडं येतात, तांदूळ येतो, माणसं रातभर बसून राहतात. कोणाला बोलवावं लागत नाही. पण एकदा दिवस घातले की आपण उठतो ते परत त्या ओट्यावर जात नाही. आणि पोरांशी तर पहिल्या दिवशीही कोणी बोललेलं नसतं.

माझा बापूस दगडखाणीत गेला तेव्हा मी नववीला होते, आश्रमशाळेत. काका न्यायला आला. म्हणाला, बापाला बरं नाय. एसटीत मी हेच धरून बसले की बरं नाय म्हणजे ताप असंल. घरी पोचले तर माती पण झालेली. भाऊ सहा वर्षांचा. त्याला सांगितलं, बापूस भिवंडीला कामाला गेलाय. तो रोज सांजच्याला हायवेच्या कडेला जाऊन टेम्पो बघत बसायचा. होळीपर्यंत. होळीला कामावर गेलेली सगळी माणसं घरी येतात, तेव्हा त्याला काय ते कळलं. त्याच्याशी कोणी वाईट मनानं खोटं बोललं नव्हतं. पण मग तो कोणाचंच खरं मानीना. मास्तरांचं नाही, आयचं पण नाही.

शेजारची एक म्हातारी मात्र त्याला ओहोळावर खेकडे धरायला न्यायची. रडला तर रडू द्यायची. सांगायची, तुझ्या बापाला पण मीच इथं खेकडे धरायला शिकवलं, तो लय घाबरायचा. बाकी आम्ही सगळे बापाचं नाव घ्यायचं टाळायचो, ती एकटी घ्यायची. त्या म्हातारीनं जे केलं त्याला पैसा लागत नाही. आवणीला पाच बाया आल्या, आमचं शेत लावून गेल्या, रोज घेतला नाही. तेही मी विसरले नाही.

आता दुसरी बाजू. आम्ही दिवस घालायच्या आतच एक माणूस मोटरसायकलवर आला. आयच्या हातात पाच हजार ठेवले, म्हणाला, मयताच्या मदतीचा कागद आहे, अंगठा दे. आय म्हणाली, पोरगी शिकलेली आहे, ती वाचंल. मी कागद मागितला तर तो खिशात घालून निघून गेला. पैसे पण घेऊन गेला! हायवेला लागून आपली जमीन आहे, आणि रडणाऱ्या बाईचा अंगठा सोपा असतो हे त्यांना माहीत आहे.

म्हणून ऐका. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, महसूल कायद्याचं ३६-अ कलम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मिळालेली जमीन विकताच येत नाही, ती वारसालाच जाते. लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो. दावा पडून असताना माणूस गेला तर वनहक्क समितीला लेखी कळवा, वारसांची नावं लावून घ्या, पोच घ्या. मयताची नोंद २१ दिवसांत करा. सातबारा असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याला वारस कळवा, ती नोंद सहा-क मध्ये होते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, हेलपाटे तेवढे वाढतात. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २०,००० रुपये आहेत. पोरांसाठी बाल संगोपन योजना आहे. आणि बापानं भट्टीवाल्याची उचल घेतली होती म्हणून पोरानं जाऊन विटा पाडायच्या, ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्यानं ती बंद आहे. वसईत हे परत सांगायला लागतं याची लाज वाटते.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडचं नाव आपण सभेत घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण त्याच्या मागं घरी कोण राहिलं, त्यांची आवणी कोणी केली, हे मी अजून एकाही भाषणात ऐकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मयताच्या घरी पाड्यातल्या दोन बायांनी वर्षभर, निदान पुढच्या होळीपर्यंत, जात राहायचं. पोरांना खरं सांगायचं, मेला हा शब्द वापरून सांगायचं. आश्रमशाळेतल्या पोराला न्यायला जाईल त्यानं रस्त्यातच सांगायचं. आणि त्या घरात कोणी कागद घेऊन आलं तर या दोघींनी तो आधी कार्यकर्त्याला दाखवायचा.

ज्यांच्या घरी वर्षभरात मयत झालंय त्यांनी रेशनकार्ड आणि दाव्याची पोच घेऊन पुढं बसा, आज इथंच अर्ज लिहू. पोरांना बाहेर हाकलू नका. त्यांच्याच जमिनीचं लिहितोय, बसू द्या.