घरातली अनिता
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानसत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हा दोघांना विषय दिला 'यंत्रमानव आणि आपलं घर'. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. एकाची बँकेतली नोकरी संपली, दुसरीची शाळेतली. तेव्हा पावसाळ्यात नातवंडांबरोबर पाहिलेल्या एका मालिकेबद्दलच बोलतो.

मालिकेचं नाव 'ह्यूमन्स'. इंग्लंडमध्ये ती २०१५ साली आली. मूळ कल्पना २०१२ च्या स्वीडिश मालिकेची. हॉकिन्स नावाचं कुटुंब, तीन मुलं. आई लॉरा वकील, कामासाठी परगावी गेलेली. ती नसताना नवरा घरकामासाठी हुबेहूब माणसासारखी दिसणारी यंत्रबाई विकत आणतो. तिचं नाव ठेवतात अनिता! आपल्याला तर ती शेजारच्या सोसायटीतलीच वाटते.

घर लख्ख होतं, नाश्ता वेळेवर मिळतो. लॉराला मात्र चैन पडत नाही. धाकट्या सोफीला आता गोष्ट अनिताकडूनच ऐकायची असते. का, तर अनिता घाई करत नाही. आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे ते वाक्य जरा लागलंच.

त्याहून लागला तो म्हातारे डॉक्टर मिलिकन आणि त्यांच्या ओडीचा भाग. ओडी हा जुना, सारखा बिघडणारा यंत्रगडी. पक्षाघाताने डॉक्टरांची स्मृती अधू झालेली, आणि दिवंगत बायकोच्या आठवणी या ओडीकडे साठवलेल्या. सरकार म्हणतं, भंगारात द्या, नवीन घ्या. नवीन व्हेरा येते ती पथ्यपाण्यावर पहारा ठेवते. डॉक्टर ओडीला लपवून ठेवतात.

हे पाहताना आम्हाला आमच्या बेन आठवल्या. इथे बडोद्यात कामाला येणाऱ्या बाईंना आपण बेनच म्हणतो. आमच्याकडे त्या सव्वीस वर्षं होत्या. शेवटी शेवटी आईंना काही आठवेनासं झालं. गौरींच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या त्या बोटांवर मोजू लागल्या आणि पाचव्या बोटाशी थांबल्या. ओटा पुसता पुसता बेननी पुढची यादी सांगितली, तीही गुजरातीत: तुरियां, गलकां, कारेलां... आईंनी पुढच्या वर्षीही त्यांनाच विचारलं. आमच्या घरचा कुळाचार असा त्यांच्याकडे जमा होता.

आणि त्यांचं आडनाव आम्हाला ठाऊक नव्हतं! सोसायटीने पोलीस नोंदणीचा फॉर्म भरायला सांगितला, तेव्हा तो रकाना रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. त्या हसल्या. आम्ही नाही हसलो.

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. मूळ चेक शब्द 'रोबोता', म्हणजे आपल्याकडची वेठ. नाटकातले रोबोट पत्र्याचेही नाहीत, माणसासारखेच दिसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नाटकात पगार, सुट्टी, थकवा यांची कटकट नसलेला नोकर मालकांना हवा होता. आपण तरी कामवाली ठरवताना काय विचारतो? "सुट्ट्या फार घेत नाही ना?"

नातीने मालिका पाहताना विचारलं, "आजी, अनिताला चहा लागत नाही, मग तिला कप कुठला?" तिच्या मनात काही नसेल. आमचे डोळे मात्र बेसिनजवळच्या फळीकडे गेले. कान तुटलेला निळ्या फुलांचा कप तिथे वेगळा असायचा. बेनचा. तो वेगळा कुणी ठेवला, ते आठवत नाही. आईंवर ढकलणं सोपं आहे, पण त्या गेल्यावरही आम्ही तो तिथेच ठेवला होता.

गुडघे दुखू लागले म्हणून गेल्या वर्षी मुलगा बेनना गावी घेऊन गेला. आता नवीन बाई येतात. त्यांना आम्ही आमच्याच कपात चहा देतो, बसा म्हणतो. त्या अजून ओट्याजवळ उभ्यानेच पितात.