अंगणाची फरसबंदी करण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातील शेतकरी बंधूंनो, भगिनींनो आणि शाळांतील गुरुजींनो,

पूर्वी आपल्या अंगणात बैलबंडी यायची. पावसाळ्यात तिची चाके चिखलात रुतली, तर चार माणसे खांदा लावून ती बाहेर काढीत. आता अंगणात मोटारसायकल येते, ट्रॅक्टर येतो, कापसाची ट्रॉली येते. फाटकापासून पडवीपर्यंत पक्के करून घ्यावे असे घरोघरी वाटू लागले आहे, आणि ते योग्यच आहे. पण पुष्कळ ठिकाणी असे दिसते की दिवाळीला केलेले काँक्रीट दुसऱ्या दिवाळीपर्यंत भेगाळते, कुठे खचते, कुठे फुगून वर येते. मग मालक मिस्त्रीला बोल लावतो आणि मिस्त्री सिमेंटला. खरा दोष बहुधा दोघांच्याही पायाखाली असतो.

ती आपली काळी माती. कापसाला ती आईसारखी, पण फरसबंदीला मात्र ती मानवत नाही. कारण साधे आहे. या मातीतला बारीक चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. एप्रिल-मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहताच. तीच माती अंगणाखालीही आहे. वर चार इंचांचा सिमेंटचा थर दिला म्हणून ती आपला स्वभाव सोडत नाही. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. काळ्या मातीची वाळलेली भुकटी एका काचेच्या पेल्यात आणि मुरमाची दुसऱ्यात, सारख्या उंचीपर्यंत भरावी, वर खूण करावी आणि दोन्हींत पाणी घालून रात्रभर ठेवावे. कोणती माती खुणेच्या वर आली हे मुले सकाळी आपणच सांगतील.

म्हणून पहिली चूक ती ही, की वरवर झाडून, थोडे पाणी मारून मातीवरच काँक्रीट ओतायचे. तसे करू नये. निदान एक ते दीड फूट काळी माती काढून टाकावी. तिच्या जागी चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने किंवा रोलरने दबाई करावी. दोन फूट मुरूम एकदम टाकून वरून चार ठोके मारले, तर तो वर तेवढा घट्ट दिसतो आणि आत पोकळ राहतो. आर्वी, आष्टी, कारंजा या चढाच्या भागात मुरूम पुष्कळदा थोड्या खोलीवरच लागतो. तिथे काम सोपे. हिंगणघाटकडच्या सपाट, खोल काळ्या जमिनीत सगळी माती काढणे शक्य नसते. तिथे मुरमाची गादी जाड करावी आणि पाणी खाली जिरू नये याची अधिक काळजी घ्यावी.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : सगळे अंगण झाकायलाच हवे काय? शेजाऱ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत केले म्हणून आपणही करायचे, ही काही गरज नव्हे. सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या आहेत, आणि प्रार्थनेची जागा आजही मोकळीच आहे. वाहन येण्यापुरत्याच अडीच-अडीच फूट रुंदीच्या दोन पट्ट्या, आपल्या गाडीच्या चाकांचे अंतर मोजून केल्या, तर खर्च निम्म्याच्या आसपास येतो. मधल्या जागेत पाणी जिरते आणि उन्हाळ्यात अंगण तापत नाही. सिमेंटचे अंगण मे महिन्यात रात्रीसुद्धा कसे धग सोडते, ते तिथे खाट टाकणाऱ्यालाच विचारावे. निंबाच्या झाडाभोवती तर तीन-चार फुटांचे आळे मोकळे सोडलेच पाहिजे. नाहीतर झाडही सुखी नाही आणि काँक्रीटही नाही.

आता उताराकडे या. गावातले रस्ते सिमेंटचे होताना दर वेळी थोडे उंच होतात आणि घरे खाली राहतात. तेव्हा रस्त्याची उंची, अंगणाची उंची आणि घराचे जोते या तिन्हींचे माप पाण्याच्या नळीने आधी घ्या. उतार घराच्या भिंतीपासून दूर हवा, दहा फुटांना दोन ते अडीच इंच. ते पाणी कुठे जाईल हेही ठरवा. विहिरीकडे नको, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तर मुळीच नको. एका कडेला नाली आणि शेवटी शोषखड्डा केला तर बरे. नळाची किंवा सांडपाण्याची नळी पुढे टाकायची असेल, तर एक रिकामा पाइप आताच आडवा पुरून ठेवा. नवे अंगण सहा महिन्यांत फोडायची पाळी पुष्कळांवर येते.

मालाचा हिशेब मालकाला ठाऊक असावा. दहा फूट रुंद, तीस फूट लांब आणि चार इंच जाड म्हणजे शंभर घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी या प्रमाणात त्याला सुमारे अठरा पोती सिमेंट लागते. कोणी दहा पोत्यांत करून देतो म्हणाला, तर तो स्वस्त नाही, प्रमाण कमी करतो आहे एवढे समजा. भरलेली ट्रॉली येणार असेल, तर जाडी सहा इंच धरा. रेती मुठीत चोळून पाहा, हात मातकट झाला तर शंका घ्या. पेलाभर पाण्यात रेती ढवळून तीन तास ठेवली, आणि वरचा गाळ रेतीच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जाड भरला, तर ती धुतल्याशिवाय वापरू नका.

पाण्याबाबत तर दोन्हीकडून चूक होते. कालवताना पाणी जास्त आणि नंतर अगदीच कमी. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मजूर बादलीवर बादली ओततात. पन्नास किलोच्या पोत्याला तीस लिटरच्या वर पाणी जाऊ देऊ नये. रेती ओली असेल तर आणखी कमी. नंतर मात्र हात आखडू नका. काँक्रीट सुकत नसते, ते पाणी पिऊन कडक होत असते. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. दुसऱ्या दिवसापासून मातीचे छोटे बांध घालून, ओलिताच्या वाफ्यासारखे पाणी भरून ठेवावे, निदान दहा दिवस. आजकाल बहुधा मिळते ते राखमिश्रित सिमेंट असेल, तर चौदा दिवस. तीन आठवडे तरी त्यावर ट्रॅक्टर चढवू नका.

शिवाय सगळे काँक्रीट एकसंध ओतू नका. आठ-दहा फुटांवर सांधा ठेवा आणि त्यात डांबर भरा. भेग पडायचीच असेल तर ती आपण नेमून दिलेल्या जागी पडते. घराच्या भिंतीलगतही बोटभर फट सोडून ती डांबराने भरा. मुरुमाच्या गादीवर रेती पसरून बसवलेले गट्टू किंवा शहाबादी फरशी हाही एक मार्ग आहे. एखादी जागा खचली, तर तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते. कडेला मात्र पक्की बंदिस्ती हवी, नाहीतर गट्टू सरकत जातात.

राहिला व्यवहार. खोदाई किती, मुरूम किती, जाडी किती, पोती किती, पाणी कोण मारणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. गुरुजी, गावात हा कागद लिहून द्यायला लोक तुमच्याकडेच येतील. मुरमाची दबाई झाली की काम थांबवून स्वतः पाहा, कारण त्यावर काँक्रीट पडले की मग काहीच दिसत नाही. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायची, हेही त्याच कागदात आधीच लिहा. पाऊस पडून गेल्यावर मिस्त्रीला बोलवा आणि दोघांनी मिळून पाहा, पाणी कुठे साचले आहे ते.