वाणीचे घर पाण्यात

अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ साली ज्या पुण्यात भरले, तिथेच आपण वैदिक विचारातील जल आणि वाणी यांच्या नात्यावर बोलणार आहोत. स्वागताध्यक्षाने विषयात फार शिरू नये असा संकेत आहे. तो मी थोडा मोडतो. हा विषय निघाला की सरस्वतीचे नाव येते, आणि घोटाळा तिथेच होतो. ऋग्वेदातली सरस्वती मुख्यतः बलाढ्य नदी आहे. ती बुद्धीला चालना देते खरी, पण ती म्हणजेच वाणी हे समीकरण ब्राह्मणग्रंथांत ठळक होते. तेव्हा हे नाते उत्तरकाळाने मागे नेऊन चिकटवले, असा आक्षेप निघतो. सरस्वतीपुरता तो मला मान्य आहे. परंतु परंपरेने वाणीच्या तोंडी घातलेले दहाव्या मंडलातले १२५वे सूक्त पाहा. त्यात बोलणारी आपले उगमस्थान समुद्रात, पाण्याच्या आत असल्याचे सांगते, आणि सरस्वतीचा तिथे उल्लेखही नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वाणीला प्रवाहाची उपमा कोणालाही सुचेल, मग त्यात वैदिक ते काय? माझ्या मते, वैदिक कवी साम्यावर थांबत नाही. तो वाणी आणि पाणी यांची एकमेकांवर सत्ता चालताना दाखवतो. तिसऱ्या मंडलात विश्वामित्र भरत नावाच्या टोळीला घेऊन विपाश् आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, यांच्या काठी येतो. इंद्राने खोदून दिलेल्या वाटेने आम्ही निघालो आहोत, थांबणार नाही, असे नद्या आधी सुनावतात. शेवटी कवीच्या बोलण्यापुढे झुकून उतार देतात. सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात नेमके उलटे घडते. वर्षभर मुके पडलेल्या बेडकांना पर्जन्य वाचा देतो आणि ते सोमयागातल्या ब्राह्मणांसारखे बोलू लागतात. हा उपहास आहे, असे काही विद्वान मानतात. असेना! उपहास रंगायलाही पाऊस आणि मंत्र यांची जोडी श्रोत्यांच्या ओळखीची असावी लागते.

राहता राहिली आपल्यासारख्यांची सभा; तिच्यासाठीही ऋग्वेद पाण्याचीच उपमा वापरतो. दहाव्या मंडलाच्या ७१व्या सूक्तात, डोळे-कान सारखेच असलेल्या सोबत्यांची मने मात्र कमी-अधिक खोल डोहांसारखी सांगितली आहेत : कुठे पाणी काखेपर्यंत, कुठे बुडी मारण्याजोगे. आपल्या निवासाच्या खोल्या स्वागत समितीने नेमून दिल्या आहेत. निबंधांची खोली आपापली. पहिल्या सत्राची सूत्रे मी अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो.