वाचताच पुसली जाणारी नोंद



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला याच शाळेच्या प्रयोगशाळेत पदार्थविज्ञान शिकवले. घेतलेले वाचन शाईने वहीत उतरल्याशिवाय उपकरणाला पुन्हा हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. तेव्हा तो मला जाच वाटे. पुढे त्याचा विसर पडल्यामुळे माझ्या हातून एक अन्याय घडला. त्याविषयी आज बोलतो.

संगणकाच्या आज्ञेवर चालणारा पॉवर सप्लाय मागू तेवढे व्होल्टेज देतो आणि विचारल्यास स्वतःच्या प्रकृतीचे वर्तमानही सांगतो. १९८७ च्या आय-ट्रिपल-ई ४८८.२ या मानकाने आणि १९९० मध्ये आलेल्या एससीपीआय या आज्ञाभाषेने या प्रश्नोत्तरांना शिस्त लावली. उत्तर एका आकड्यात येते. रजिस्टरातील प्रत्येक बिट म्हणजे एकेका तक्रारीचे घर. एससीपीआयच्या शंकास्पद स्थितीच्या रजिस्टरात, शून्यापासून मोजता, प्रवाहाचे घर पहिले, त्याची किंमत २. तापमानाचे चौथे, त्याची किंमत १६. उत्तर १८ आले तर दोन्ही तक्रारी एकदम आहेत असे समजावे.

परंतु रजिस्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते हजेरीचे; कितीही वेळा उघडा, त्यातली खूण जागच्या जागी. येथे तसे नाही. एक रजिस्टर केवळ या क्षणाची स्थिती दाखवते. तक्रार मिटली की बिट शून्य. दुसरे घटनेचे. त्यात एकदा चढलेला बिट तक्रार मिटल्यावरही टिकतो, मात्र कोणी वाचला की तत्क्षणी पुसला जातो. पुढची घटना नवी म्हणून ओळखता यावी, यासाठी ही योजना आहे. ती चुकीची नव्हे. पण वाचणाऱ्यावर केवढी जबाबदारी टाकते!

आमच्याकडे एका सर्किटची रात्रभर अखंड चाचणी चालली होती. सकाळी तरुण सहकारी म्हणाला, "सर, सोळा आलं होतं. सप्लाय रात्री तापून बंद पडला असावा." मी स्वतः विचारले, उत्तर शून्य. सद्यस्थितीही शून्य. व्होल्टेज ठीक. "रात्रभर जागलास, डोळ्यांवर झोप असेल," असे मी चारचौघांत म्हणालो. तो गप्प राहिला. त्याने आकडा टिपून ठेवला नव्हता आणि मी त्याच्या शब्दाला किंमत दिली नाही.

दुसऱ्या रात्री मी स्वतः थांबलो. पहाटे मलाच सोळा मिळाले. खात्री करावी म्हणून पुन्हा विचारले, तर शून्य! मग पुस्तिका उघडली. आधी उघडायला काय झाले होते, कोण जाणे. पंख्याची जाळी धुळीने बुजली होती. सप्लाय तापून बंद पडे आणि निवला की आपोआप सुरू होई. म्हणजे ज्या चाचणीला मी अखंड म्हणून सही करणार होतो, ती मध्येच तुटलेली होती.

जाळी दहा मिनिटांत साफ झाली. सहकाऱ्याची क्षमा मागायला मला दोन दिवस लागले. तीही चारचौघांतच मागितली.

त्यानंतर आमचा प्रोग्रामही तपासला. आरंभीच तो सीएलएस ही आज्ञा देई, म्हणजे काही विचारण्याआधीच घटनांची पाटी कोरी करी. आता तो प्रथम घटनेचे रजिस्टर वाचतो, आकडा वेळेसह फाइलमध्ये लिहितो, मग सद्यस्थिती विचारतो आणि शेवटी त्रुटींची रांग रिकामी होईपर्यंत एकेक नोंद उतरवून घेतो. ते बदल त्याच सहकाऱ्याने केले.