चेंडूने धातूकडून किती घेतले?

कार्बनच्या साठ अणूंचा एक पोकळ रेणू असतो: बारा पंचकोन, वीस षटकोन, शिवण थेट फुटबॉलची आणि व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल, स्मॉली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तो सापडला. फुलेरीन कुळातला हा सर्वांत प्रसिद्ध रेणू इलेक्ट्रॉनचा मोठा भुकेला. त्याच्या पहिल्या रिकाम्या पातळीत सहा इलेक्ट्रॉन मावतात. प्रत्येक चेंडूमागे पोटॅशियमचे तीन अणू मिसळले की तीन जागा भरतात आणि तो पदार्थ १८ केल्व्हिनला अतिवाहक होतो. सहाही जागा भरल्या, तर तोच विद्युतरोधक बनतो. म्हणून हा चेंडू धातूवर ठेवला, तर तो किती इलेक्ट्रॉन घेईल, या प्रश्नाला महत्त्व येते.

सरळ उत्तर असे सुचते: धातू देणारा, चेंडू घेणारा, जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो, तो जास्त देईल आणि दोघे मिठातल्या सोडियम-क्लोरीनसारखे चिकटतील. मला हे चित्र अपुरे वाटते. आधी आकडेच पाहा. एकट्या चेंडूला इलेक्ट्रॉन मिळाला, तर सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. सोन्यातून तो काढायला मात्र पाचाहून अधिक लागतात. या हिशेबाने व्यवहार व्हायलाच नको, तरी थोडा का होईना, होतो. कारण पृष्ठभागाशी आलेला चेंडू एकटा उरत नाही. त्याच्यावर ऋणभार येताच धातूतले इलेक्ट्रॉन बाजूला सरतात, समोर धनभार उभा राहतो आणि त्या ओढीने तूट बरीचशी भरून निघते. आता ॲल्युमिनियम घ्या. सोने किंवा तांब्यापेक्षा तो इलेक्ट्रॉन सहज सोडतो, म्हणजे सर्वांत उदार तोच ठरावा. पण १९९०च्या दशकातल्या प्रकाश-उत्सर्जनाच्या प्रयोगांत तिथला बंध मुख्यतः सहसंयुज दिसला. तिथे देण्याघेण्यापेक्षा भागीदारी जास्त आहे.

यावर कुणी म्हणेल, इलेक्ट्रॉन चेंडूकडे गेले की नाही, हे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेवरूनच कळेल. बाहेरच्या बाजूला ऋणभार साचला की ती वाढायलाच हवी. पण तांब्यावर ती जवळजवळ जागची हलत नाही आणि सोन्यावर तर उलट कमी होते. धातूच्या पृष्ठभागाबाहेर इलेक्ट्रॉनांचा पातळसा ढग सांडलेला असतो. चेंडू जवळ येतो, तेव्हा तो ढग आत दाबला जातो, आणि भागीदारीतले इलेक्ट्रॉन दोघांच्या मध्ये जमतात. हे दोन्ही परिणाम ऋणभाराच्या खुणेवर बोळा फिरवतात. खूण पुसली म्हणून व्यवहार झालाच नाही, असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रॉन सामाईक असतील, तर चेंडूचा वाटा किती, हे विचारण्यात अर्थ तरी काय? अपूर्णांकाचा नेमका आकडा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो, हे मान्यच करायला हवे. तरी चेंडूच्या रिकाम्या पातळीचा काही भाग भरलेला दिसणे ही खरी घटना आहे. रामन वर्णपटातली १४६९ प्रति सेंटीमीटरची ओळखीची रेषा प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे सुमारे सहा एककांनी खाली घसरते, तीही खरीच. अशा वेगवेगळ्या साक्षी जुळतात, तेव्हा तो आकडा पोकळ राहत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते तांबे. तांब्याच्या सपाट थरावर चेंडू बसवून गरम केले, तर प्रत्येक चेंडूखालचे सात अणू उठून बाजूला होतात आणि चेंडू त्या खळग्यात बसतो. धातू आपली जमीन उकरून त्याला जागा करून देतो. खळग्यात शिरल्यावर तो काठाच्या अणूंनाही भिडतो, स्पर्श वाढतो आणि धातूकडून येणारा भारही वाढतो, जवळपास तीन इलेक्ट्रॉनांपर्यंत. म्हणजे पोटॅशियमचा एकही अणू न मिसळता त्या एका थरातला प्रत्येक चेंडू अतिवाहक क्षारातल्या चेंडूइतकाच भरलेला असतो.